हिवाळ्यापुरतं भाड्याचं घर, की बस्तानच दक्षिणेला हलवायचं?

तळ्याकाठची (मिशिगन)

यंदा जानेवारीत हे आमच्याच ड्राइव्हवेवर घसरून पडले. सकाळी सहाला कॉफीच्या रिकाम्या डब्यातून मीठ शिंपडत निघाले होते, आणि जिथे मीठ पडलं नव्हतं नेमका तिथेच पाय पडला. मनगटावर निभावलं. दीड महिना प्लास्टर. तेव्हापासून घरात एकच विषय आहे, पुढचा हिवाळा इथे काढायचा नाही.

मुलाचं म्हणणं, घर विका आणि फ्लोरिडात ५५ प्लस कम्युनिटीत, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांच्या वसाहतीत जा. मला ते पटत नाही. जानेवारी ते मार्च एखादा फर्निश्ड कॉन्डो भाड्याने घ्यावा, बाकीचे नऊ महिने आपल्या घरी राहावं, असं मला वाटतं. ३१ वर्षं या घरात काढली. तीन महिन्यांच्या थंडीपायी बारा महिन्यांचा संसार का उपटायचा? शिवाय तिथला चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. आपण जाणार तो संपल्यावर, आणि छप्पर, पूर, विमा हा सगळा घोर घरमालकाला. माझं कुठे चुकतंय का? उलट बाजूही ऐकायची आहे, मोकळेपणाने लिहा.

उन्हात बसलेला (आधी न्यू जर्सी, आता फ्लोरिडा)

ताई, तुमच्याच विचाराने आम्ही चार हिवाळे भाड्याने काढले आणि मग विकून कायमचे इकडे आलो. तेव्हा अनुभवाचं लिहितो.

भाड्याचं घर म्हणजे तीन महिने दोन घरांची काळजी. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत शेजाऱ्यांचा फोन आला, तुमच्या गॅरेजच्या भिंतीतून बाहेर बर्फाच्या सुळ्या लोंबताहेत. फर्नेस बंद पडून लाँड्रीतला पाइप फुटला होता. पोचलो तेव्हा दिवाणखान्यातली लाकडी जमीन पापडासारखी फुगली होती आणि खालच्या कपाटातले लग्नाचे अल्बम चिकटून एक झाले होते. विमा कंपनीचा पहिला प्रश्न होता, तुम्ही नसताना हीट चालू होती हे दाखवता येईल का? थर्मोस्टॅटच्या ॲपमध्ये नोंद होती म्हणून वाचलो. तुम्ही गेलातच तर जाताना मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करून जा, एवढं तरी माझं ऐका.

भाड्यावर करही असतो. फ्लोरिडात सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीने घर घेतलं की राज्याचा ६ टक्के सेल्स टॅक्स लागतो, आणि बहुतेक ठिकाणी वर काउंटीचा टुरिस्ट टॅक्स. जाहिरातीत तो धरलेला नसतो. आणि चौथ्या वर्षी घरमालकाने ऑक्टोबरात कळवलं की कॉन्डो विकला. त्या वेळी चांगलं काही उरलेलं नसतं, लोक वर्षभर आधी बुक करतात.

आता राज्याचा इन्कम टॅक्स नाही, होमस्टेड म्हणजे राहत्या घरावरची प्रॉपर्टी टॅक्सची सवलत आहे, रोज सकाळी तळ्याला फेरी होते. माझ्या गुडघ्यांना जानेवारी कळतच नाही.

पानगळ (इलिनॉय)

इन्कम टॅक्सचं कौतुक प्रत्येक जण करतो, म्हणून आधी त्याबद्दल. आमच्या इलिनॉयमध्ये सोशल सिक्युरिटी, पेन्शन, ४०१के आणि आयआरए ही निवृत्तीची खाती, कशावरच राज्याचा कर नाही. म्हणजे निवृत्त माणसाला इथून पळून वाचवण्यासारखं फारसं काही नाही. प्रॉपर्टी टॅक्स आमचा जबर आहे, ते मान्य. पण फ्लोरिडात घराचं करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही असं जे सांगतात, ती मर्यादा जुन्या मालकाची असते. तुम्ही विकत घेतलंत की गणित बाजारभावापासून नव्याने सुरू. शेजारच्या तशाच घराला निम्मा कर आणि तुम्हाला दुप्पट, असं होऊ शकतं.

विम्याचंही कुणी नीट सांगत नाही. तिथे वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी आपण भरायचा वाटा, टक्क्यांत असतं. घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल तर पहिले ८,००० तुमच्या खिशातून. नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही, तो वेगळा घ्यायचा. आणि कॉन्डो घेणार असाल तर २०२१ साली फ्लोरिडातच सर्फसाइडला कॉन्डोची इमारत कोसळून ९८ माणसं गेली ते आठवा. त्यानंतर तीन मजली आणि त्याहून उंच इमारतींना ठरावीक वयानंतर तपासणी सक्तीची झाली, दुरुस्तीचा राखीव निधीही टाळता येत नाही. योग्यच झालं. पण त्याचे पैसे मालकांकडूनच वसूल होतात.

माझं मत तुम्हा दोघांहून निराळं आहे. कुठेच जाऊ नका. बर्फ काढायला माणूस लावा, बुटांना काट्यांचे पट्टे चढवा, चालायचं ते मॉलमध्ये किंवा रिक्रिएशन सेंटरच्या ट्रॅकवर चाला. गेल्या वर्षी माझी गॉलब्लॅडरची शस्त्रक्रिया झाली ती जानेवारीतच. मंडळातल्या चौघींनी वेळापत्रक लावून दहा दिवस डबा पोचवला, एकजण तर संक्रांतीचा तिळगूळ घेऊन हॉस्पिटलात आली. तीन महिन्यांसाठी घेतलेल्या कॉन्डोत तुमचं दार कोण वाजवणार?

उन्हात बसलेला

पानगळताई, कर आणि विम्याचे मुद्दे खरे आहेत. २०२२च्या सप्टेंबरात इयन चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही दोन रात्री मुलीकडे अटलांटाला होतो, आणि पुढच्या वर्षी प्रीमियम वाढला. ते झाकून ठेवत नाही.

पण माणसांबद्दल तुम्ही लिहिलंय ते उलट माझ्या बाजूचं आहे. भाड्याने राहायचो तेव्हा आम्ही पाहुणे होतो. ओळख होईपर्यंत मार्च उजाडायचा. कायमचे आलो तेव्हा माणसं जोडली गेली. आज इथे मराठी घरं बारा आहेत, रविवारी पत्ते, गणपतीला आरती. आणि तिकडच्या मंडळातले आमच्या वयाचे किती जण आता खरोखर उरलेत? अर्धे मुलांकडे गेले. ज्या गावासाठी थांबायचं ते गाव तरी थांबतं का?

मेपलपान (ओंटारिओ)

कुणी कॅनडातून वाचत असेल तर आमच्याकडे मुक्कामाचे दिवस मोजावे लागतात. ओहिपसाठी, म्हणजे ओंटारिओच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, बारा महिन्यांत १५३ दिवस ओंटारिओत असावं लागतं. तुम्ही करासाठी तिथले रहिवासी ठरता का हे बघताना अमेरिकेचं करखातं यंदाच्या दिवसांत गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश दिवस मिळवतं. दरवर्षी १२१ दिवसांच्या आत राहिलात तर सुटलात, जास्त राहिलात तर ८८४० नंबरचा फॉर्म भरा. आणि प्रवासाचा विमा घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका. देशाबाहेरच्या हॉस्पिटलला ओहिप दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनडियन डॉलर देतं.

रात्रपाळी (निवृत्त नर्स, ओहायो)

तळ्याकाठचीताई, या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारला नाही. तुमच्याकडे ओरिजिनल मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिगॅप (त्याला जोडून घ्यायचा खासगी पूरक विमा) आहे, की मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे त्याऐवजी खासगी कंपनीचा प्लॅन? तुमचं उत्तर त्यावर ठरेल.

ओरिजिनल असेल तर मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो, भाड्याने जा की कायमचे. ॲडव्हान्टेज असेल तर इमर्जन्सी सगळीकडे कव्हर होते, पण फिजिओथेरपी, नेहमीच्या तपासण्या, फॉलोअप हे बहुतेक प्लॅनमध्ये तुमच्या भागातल्या नेटवर्कपुरतं, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांपुरतं. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर प्लॅनमधून काढलंही जाऊ शकतं. मी वॉर्डात हे पाहिलंय. कंबरेचं हाड मोडलेल्या आजीबाईंची शस्त्रक्रिया झाली, खर्चही मिळाला, पण रिहॅबसाठी नेटवर्कमधली जागा घरापाशी, म्हणजे नऊशे मैलांवर. मुलगी रोज फोनवर तासन् तास भांडायची.

आता ॲडव्हान्टेज सोडून मेडिगॅप घेऊ म्हणाल, तर ६५ नंतर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासूनचे पहिले सहा महिने संपले की बहुतेक राज्यांत कंपन्या तब्येत विचारतात आणि नाकारूही शकतात. पण तुमचा प्लॅन जिथे चालतो तो भाग सोडून तुम्ही कायमचे हललात, तर आधीचं कव्हर संपल्यापासून ६३ दिवसांत ठरावीक मेडिगॅप प्लॅन तब्येतीची चौकशी न होता मिळण्याचा हक्क असतो. कायमचं जाण्याच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटतो तो हा मुद्दा, ऊन आणि कर त्याच्या मागून.

परतीची वाट (टेक्सस)

फ्लोरिडा कशाला, डिसेंबर ते मार्च पुण्यात काढा की! आम्ही नऊ वर्षं काढतोय. भावंडं आहेत, नाटकं आहेत, स्वयंपाकाला बाई आहे.

रात्रपाळी

दादा, भावंडांचं सुख मोठं आहेच. पण तिकडे मेडिकेअर एक पैसा देत नाही. वेगळा विमा काढलात का ते आधी तपासा, आणि अट्ठेचाळीस तासांत परत येता येईल का हेही.

तळ्याकाठची (मिशिगन)

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ॲडव्हान्टेजच आहे, आणि यांच्या मनगटाची फिजिओथेरपी अजून आठवड्यातून दोनदा चालू आहे. रात्रपाळीताई, तुमचं वाचून मी आज प्लॅनच्या नंबरावर फोन लावला. पन्नास मिनिटांनी उत्तर मिळालं, फ्लोरिडात नेटवर्कमध्ये कुणी नाही.

पुण्याचा मोह खूप होतो, पण यांचं हृदयाचं औषध सुरू आहे. दर तीन महिन्यांनी ज्या डॉक्टरांना दाखवतो त्यांच्यापासून इतकं लांब जायचं धाडस होत नाही.

तरी विकायला मन तयार नाही. म्हणून असं ठरवतेय की या वर्षी फक्त फेब्रुवारी, एकच महिना, उन्हात बसलेला दादांच्या गावाजवळ. बघायला जायचं ते घर नाही, माणसं जमतात का ते. पाइपचं तुम्ही सांगितलंत तसं करीन. फर्नेस बंद पडली तर फोनवर सूचना येईल असं यंत्र मुलगा बसवून देतोय. पानगळताई, मंडळातल्या मैत्रिणींना मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि तेच जड जातंय.

काल गॅरेजमध्ये गेले तर यांनी मिठाची दोन नवी पोती आणून भिंतीशी उभी केलेली. विचारलं, तर म्हणाले, डिसेंबर आणि जानेवारी तर इथेच आहेत ना.