कानोसाच्या मातिल्दाचे राजकारण कितपत स्वतंत्र होते?

मूळ धागा

जानेवारी १०७७ मध्ये, बिशप कोणी नेमायचे या वादात पोपने बहिष्कृत केलेला जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या गडाबाहेर तीन दिवस बर्फात ताटकळला, हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु तो गड पोप सातव्या ग्रेगरीचा नसून इटलीतल्या टस्कनीची सत्ताधीश मातिल्दा हिचा होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. तिला केवळ पोपची निष्ठावंत पाठीराखी ठरवणे मला पटत नाही. पो नदीच्या खोऱ्यातला मोठा मुलूख आणि अपेनाइन्स डोंगरातले घाट तिच्या घराण्याकडे असल्यामुळे, रोमकडे निघालेल्या जर्मन राजाला एकतर तिची मर्जी राखावी लागे किंवा तिच्याशी लढावे लागे. डोनिझोने लिहिलेल्या तिच्या चरित्राच्या हस्तलिखितात एक चित्र आहे: मातिल्दा आणि क्लुनीचा मठाधिपती ह्यू आसनस्थ आहेत आणि राजा गुडघे टेकून रदबदलीची याचना करतो आहे.

प्रतिसाद १

चित्राचा पुरावा जरा जपूनच वापरावा, कारण डोनिझो कानोसाच्याच मठातला होता आणि आश्रयदातीचे गुणगान करणे त्याला भागच होते. पोपशी पुन्हा भांडण पेटल्यावर १०८१ मध्ये हेन्रीने तिला पदच्युत केले, तिचे लुक्का शहर तिच्यावर उलटले, आणि १०९१ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर मान्तुआ शहरही गेले. तिने कानोसाच्या चर्चमधली चांदीची भांडी वितळवून पैसा पाठवला तो पोपलाच. चाळिशी उलटल्यावर, १०८९ मध्ये, बव्हेरियाच्या ड्यूकच्या किशोरवयीन मुलाशी, वेल्फशी, लग्न केले तेही पोप दुसऱ्या अर्बनच्या इच्छेने. याला स्वतंत्र राजकारण कसे म्हणायचे?

धागाकर्ता

शहरे गेली, पण गड राहिले, आणि लढाई गडांवरूनच चालली. १०८४ मध्ये सोर्बारा येथे तिच्या सैन्याने हेन्रीच्या पक्षाचा पराभव केला, १०९२ मध्ये कानोसापाशी खुद्द हेन्रीला माघार घ्यावी लागली, आणि पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा कॉनराड बापाविरुद्ध उभा राहिला तो तिच्या पाठबळावर. वेल्फ १०९५ मध्ये सोडून गेला. तिचे फारसे काही अडले नाही.

प्रतिसाद २

माझ्या मते खरी कसोटी ११११ सालची आहे. चौथ्या हेन्रीचा मुलगा आणि वारस पाचव्या हेन्रीने पोप दुसऱ्या पास्कालला कैद करून स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, मे महिन्यात, मातिल्दाने त्याच हेन्रीशी बियानेल्लो येथे समेट केला. पोपच्या हातचे बाहुले असे वागले नसते.

प्रतिसाद १

हा मुद्दा बिनतोड आहे, तरी त्यातून तिची चतुराई सिद्ध होते, सत्तेचा टिकाऊपणा नव्हे. तिला वारस नव्हता. आपली मालमत्ता चर्चला देण्याचे दानपत्र तिने ११०२ मध्ये नव्याने करून दिले होते. तरीही १११५ मध्ये ती वारल्यावर वर्षभरात पाचवा हेन्री आल्प्स ओलांडून आला आणि त्याने तिच्या जमिनी ताब्यात घेतल्या. त्या जमिनींवरून पोप आणि सम्राट पुढे कित्येक पिढ्या भांडत राहिले, आणि तेवढ्या काळात तिची शहरे आपापला कारभार स्वतःच पाहू लागली.