दबावगट, हितगट की नुसतं लॉबी?

टाचणी
नागरिकशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करतेय, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. त्यात एक अख्खा धडा आहे, प्रेशर ग्रुप लोकशाहीला पोषक की मारक. मी डोळे मिटून 'दबावगट' लिहून मोकळी झाले, शाळेत आपण तेच शिकलो. संपादकबाईंनी सगळीकडे लाल करून 'हितगट' केलंय. म्हणाल्या, दबाव वाचलं की पोरं त्यांना आधीच गुंड समजणार, मग पोषक की मारक विचारायचं कशाला? पटलं मला. पण पुढच्याच परिच्छेदात इंटरेस्ट ग्रुप आलाय, हितगट तर तिथे लागणार. आणि त्यापुढे लॉबी. तीन वेगळे शब्द हवेत. शुक्रवारी फाइल द्यायचीय, सुचवा.

सदाशिवपेठी
मुळात 'दबाव' हाच मराठी नव्हे. आपला शब्द दाब, नाहीतर दडपण. हिंदी बातम्या ऐकून ऐकून दबाव, बदलाव, टकराव ही पिलावळ घरात शिरली. 'दाबगट' करा.

पहिली_उचल
दाबगट म्हणजे बीपीच्या पेशंटांचा व्हॉट्सॅप ग्रुप वाटतोय. आणि जमणे-जमाव, उठणे-उठाव चालतं तर दबणे-दबाव का नको? आमची आजी म्हणायची 'कुणाला दबून ऱ्हाऊ नगंस', तिनं जन्मात हिंदी बातम्या ऐकल्या नव्हत्या.

सदाशिवपेठी
मग आपल्याच उदाहरणांत अडकलात बघा. जमाव जमणाऱ्यांचा, उठाव उठणाऱ्यांचा. त्या न्यायाने दबाव दबणाऱ्यांचा. म्हणजे दबावगट हा दबलेल्यांचा गट ठरतो, दाबणाऱ्यांचा नाही. व्याकरण म्हणून काही असतं.

पाठीवरचं_पोतं
तुम्ही चुकून बरोबर बोललात सर 😄 माझे वडील पुण्यात भुसार बाजारात हमाल होते. क्विंटलचं पोतं एकट्यानं पाठीवर घ्यायचे, मानेखाली लिंबाएवढी गाठ आलेली, लहानपणी आम्ही ती दाबून बघायचो आणि ते हसायचे. ते पोतं पन्नास किलोवर आलं ते काही कुणा व्यापाऱ्याला पाझर फुटला म्हणून नाही. बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी युनियन, यांनी बाजार बंद पाडले, मोर्चे काढले, तेव्हा १९६९ ला माथाडी कायदा झाला आणि मग बोर्ड, पगार, पीएफ वगैरे. त्यांच्याकडे ना पैसा ना आमदार. दबलेल्यांचाच गट होता तो. दाखला मिळालाच आहे, आता पुस्तकात शब्द बदलू नका ताई.

सदाशिवपेठी
मी उपरोधाने लिहिलं होतं.

कडबोळं
माथाडी दबलेले, मान्य. मग साखर लॉबी कोणाखाली दबलीये ते पण सांगा. कारखान्याचा चेअरमन आमदार, त्याचा भाऊ जिल्हा बँकेत, व्याही मंत्री. तिथे दाबणारा आणि दाबून घेणारा एकच माणूस. निवेदन द्यायला उठून फक्त खुर्ची बदलायची.

पहिली_उचल
साखरेचा विषय काढलात तर ऐका. आमच्याकडं दिवाळीच्या मागंपुढं जयसिंगपूरला ऊस परिषद होती, पहिली उचल, म्हंजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती मागायची ते तिथं ठरतंय आणि तोवर तोडी बंद. एका वर्षी आमच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरची हवा सोडली, चारी चाकं. दादांना त्या साली टनामागं जास्तीचे पैसे आले, घरात नवी चूल झाली गॅसची. पण तो ट्रॅक्टरवाला आमच्याच गल्लीतला होता, हप्ते थकलेले, रात्रभर ऊस वाळत रस्त्यावर बसला होता. आता हे पोषक का मारक ते मला अजून सांगता येत न्हाई.

टाचणी
हे सगळं फार मोलाचं आहे पण मला तीन शब्द हवे होते.

अडकित्ता
शब्दच हवाय तर आपल्याकडे कधीचा आहे, 'धरणं'. ज्याचे पैसे येणे तो देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा, आणि तो उपाशी असेतो घरातल्यांनाही जेवायची चोरी, तो मेला तर पाप त्यांच्या माथी. इंग्रजांना याची इतकी धास्ती की १८६० च्या दंड संहितेत कलम ५०८ घातलं, देवाचा कोप होईल अशी भीती घालून काम करवून घेणं हा गुन्हा, आणि उदाहरणात चक्क दारात धरणं धरून बसलेला माणूस दिलाय. आज तेच धरणं आपण पोलिसांची परवानगी काढून आझाद मैदानात धरतो. तेव्हा 'धरणेकरी गट' लिहा.

कडबोळं
आणि औषध कंपन्यांची संघटना? तीही उपाशी बसते का कुणाच्या दारात?

हडसनकाठचा
लॉबी भाषांतर न करता तशीच ठेवा. इथे अमेरिकेत लॉबी करणाऱ्याला रीतसर नोंदणी करावी लागते, १९९५ चा कायदा आहे, कोणासाठी आणि किती पैशांत ते दर तिमाहीला जाहीर होतं. आपल्याकडे तसा कायदाच नाही म्हणून तो शब्द शिवीसारखा वापरतात. बाय द वे हा शब्द अध्यक्ष ग्रँट यांच्यामुळे आला, ते हॉटेलच्या लॉबीत सिगार ओढत बसायचे आणि लोक तिथे कामं घेऊन यायचे.

अडकित्ता
ती हॉटेलवाल्यांनी चालवलेली गोष्ट. ग्रँट अध्यक्ष झाले १८६९ ला, शब्द त्याच्या बराच आधीपासून छापलेला सापडतो. सभागृहाबाहेरच्या पडवीत लोक सदस्यांना गाठायचे, त्यावरून आला.

सदाशिवपेठी
पडवी! सुंदर. 'पडवीकर' करा.

पाठीवरचं_पोतं
लॉबी म्हणजे आम्हाला एकच माहीत, कबड्डीची. मैदानाच्या दोन्ही कडांना मीटरभर पट्टा. झटापट झाल्याशिवाय तिथं पाय पडला की गडी बाद, झटापट झाली की मग तोच पट्टा मैदानात धरतात.

कडबोळं
एवढ्या चर्चेतलं सगळ्यात कामाचं वाक्य. आणि ह्या दोन लॉब्यांमध्ये पंच कुठे उभा असतो तेही

हडसनकाठचा
लॉब्या?? लॉबीज म्हणा हो.

पहिली_उचल
ट्रॉली-ट्रॉल्या तशी लॉबी-लॉब्या. त्यात काय.

सदाशिवपेठी
आयता शब्द उचलायचा तर निदान अनेकवचन आपल्या व्याकरणाने करावं. लॉब्याच. या एका बाबतीत कोल्हापूरकरांशी सहमत.

टाचणी
फाइल दिली. दबावगट ठेवलाय, इंटरेस्ट ग्रुपला हितगट केलं. संपादकबाईंचा आत्ताच मेसेज आला, पान ४२ वर 'लॉबीज' खाली लाल रेघ आहे. लॉब्या करू का?