काम सांभाळून किनाऱ्यावर

हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, आठ दिवस, लॅपटॉपवर काम करत जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. गेल्या हिवाळ्यात मी लातूरहून गाडी घेऊन असाच गेलो होतो. फक्त मीटिंगच्या दिवशी गाव बदलू नका. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशी तीनदा गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. बोट नुकतीच सुटली असेल, तर धक्क्यावर थांबणं आलंच. दाभोळला ऐन कॉलमध्ये माझी रेंज गेली, तेव्हापासून खाडी दुपारनंतरच ओलांडायची असं ठरवून टाकलं.

पायी फिरण्याचं मात्र समुद्र ठरवतो. हरिहरेश्वरच्या देवळाची प्रदक्षिणा समुद्रकाठच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीतच करायची. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तसे मी कामाचे तासही सरकवत गेलो. तिथला खडक लाटांनी पोखरून जाळीसारखा झालाय, भोकाभोकांत पाणी साचलेलं, कडेला शेवाळ. आपल्याकडच्या कोरड्या काळ्या दगडावर चालायची सवय असलेला पाय तिथे हमखास सटकतो. पाणी चढायला लागलं की लगेच मागे फिरा, फोटो राहिला तरी चालेल.