जेडीके १७ पाथमध्ये असूनही जावाची आवृत्ती ८ च दिसते

प्रश्न

नमस्कार. कार्यालयाच्या विंडोज १० लॅपटॉपवर मी जेडीके १७ ची (जावा प्रोग्राम तयार करण्याच्या साधनसंचाची) झिप फाइल डी ड्राइव्हवरील ‘टूल्स’ फोल्डरमध्ये उघडली, ‘जावा_होम’ या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचा पत्ता दिला आणि त्यातील ‘बिन’ फोल्डर यूजर व्हेरिएबल्समधील पाथला जोडला. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जावासी’ या कंपायलरची (कोडचे क्लास फाइलींत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती विचारली की १७ येते, पण ‘जावा’ची विचारली की १.८, म्हणजे जावा ८, येते. मेवन या बिल्ड साधनाने प्रकल्प बिनतक्रार बिल्ड होतो. तयार झालेली जार फाइल (क्लास फाइलींचे गाठोडे) चालवली की मात्र ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ येतो. क्लास फाइलची आवृत्ती ६१.० आहे आणि चालवणाऱ्या जावाला ५२.० पर्यंतच्याच फाइली समजतात, असे त्यात म्हटले आहे. दोन्ही प्रोग्राम एकाच फोल्डरमध्ये असताना एक सापडावा आणि दुसरा सापडू नये, हे कसे?

उत्तर १

तुमचा जावाही सापडतो आहे, फक्त त्याच्याआधी दुसरा सापडतो. पाथ ही फोल्डरांची क्रमवार यादी असते आणि विंडोज ती डावीकडून वाचत जाऊन पहिला जुळणारा प्रोग्राम चालवते. पुढे आणखी किती प्रती आहेत, याची ते चौकशी करत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावा’ असे लिहून पाहा, सगळ्या प्रती ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने दिसतील. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या दुसऱ्या कमांड विंडोत) नुसते ‘व्हेअर’ हे वेगळ्याच आदेशाचे टोपणनाव असल्याने तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असे पूर्ण लिहावे लागते, अन्यथा काहीच हाती लागत नाही.

पहिल्या ओळीत बहुधा ‘जावापाथ’ नावाचा फोल्डर दिसेल. जावा ८ चा इन्स्टॉलर तो तयार करून सिस्टीमच्या पाथमध्ये अगदी सुरुवातीला घालतो. त्यात प्रोग्राम चालवणारा ‘जावा’ असतो, कंपायलर नसतो. म्हणून ‘जावासी’चा शोध पुढे सरकत तुमच्या फोल्डरपर्यंत पोहोचतो. त्रुटीतील आकडेही हेच सांगतात, कारण ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८. मेवन मात्र ‘जावा_होम’ पाहते, त्यामुळे त्याचे काम अडले नाही.

उत्तर २

व्हेरिएबलची किंमत कायमची बदलणाऱ्या सेटएक्स आदेशाने पाथच्या सुरुवातीला तुमचा फोल्डर जोडून टाका, एका ओळीत काम होते.

उत्तर १ देणाऱ्याकडून

कृपया असे करू नका. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते आणि विकासकाच्या संगणकावर पाथ तेवढा लांब होणे अजिबात दुर्मीळ नाही. शिवाय चालू पाथची किंमत त्यात दिली की सिस्टीमचा व यूजरचा पाथ एकत्र होऊन दोन्ही यूजरच्या नोंदीत लिहिले जातात आणि नंतर कोणती नोंद मूळ कुठली होती, हे निवडत बसावे लागते. एवढे करूनही प्रश्न सुटणार नाही, कारण विंडोज अंतिम पाथ तयार करताना सिस्टीमचा भाग आधी आणि यूजरचा भाग नंतर ठेवते. यूजरच्या पाथमध्ये काहीही लिहिले तरी ‘जावापाथ’ पुढेच राहील. सेटिंग्जमध्ये सिस्टीम व्हेरिएबल्समधील पाथ उघडून तिथे जेडीकेचा ‘बिन’ फोल्डर सर्वांत वर नेणे, हा सरळ मार्ग आहे.

प्रश्नकर्तीकडून

‘व्हेअर’ने आपण म्हणता तसेच दाखवले, पहिली ओळ ‘जावापाथ’ची आहे. परंतु मला ॲडमिनचे अधिकार नाहीत, त्यामुळे सिस्टीम व्हेरिएबल्स बदलता येत नाहीत.

उत्तर ३

मग सिस्टीमच्या नोंदीला हात न लावता प्रत्येक विंडोपुरता पाथ बदला. माझ्या मते अधिकार असते तरी हेच बरे, कारण कार्यालयातील एखादे जुने सॉफ्टवेअर त्या जावा ८ वरच अवलंबून असू शकते. एक छोटी बॅच फाइल (आदेशांची यादी असलेली फाइल) करा आणि तिच्यात ‘सेट’ आदेशाने जावा_होममधील ‘बिन’ फोल्डर, मग अर्धविराम, मग आधीचा पाथ, अशी नवी किंमत द्या. काम सुरू करताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ही फाइल चालवली की त्या विंडोत जावा १७ पहिला सापडेल. विंडो बंद केली की बदलही जाईल. अर्धविरामाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. पॉवरशेल वापरत असाल, तर तिथे बॅच फाइलचा उपयोग होणार नाही, कारण ती वेगळ्या प्रक्रियेत चालून संपते. त्याच अर्थाची ओळ पॉवरशेलच्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहावी लागेल.

प्रश्नकर्तीकडून

कमांड प्रॉम्प्टमध्ये जार फाइल चालली, आभारी आहे. व्हीएस कोड या कोड एडिटरच्या टर्मिनलमध्ये मात्र अजून १.८ च येते.

उत्तर ३ देणाऱ्याकडून

प्रत्येक प्रोग्रामला पाथची प्रत तो सुरू होताना मिळते, तीही ज्याने त्याला सुरू केले त्याच्याकडून. तुम्ही स्टार्ट मेनूतून व्हीएस कोड उघडले असेल, तर बॅच फाइलने केलेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करा, बॅच फाइल चालवलेल्या विंडोतूनच ‘कोड’ या आदेशाने ते उघडा आणि आतल्या टर्मिनलमध्ये ‘व्हेअर डॉट ईएक्सई जावा’ लिहून पहिली ओळ पाहा.