'ग्लास मास्क' कुणी कुणी वाचलंय? या आणि लिहा

सुझुए मिउचीची ही शोजो मांगा (मुलींसाठीचं जपानी कॉमिक) १९७६ पासून 'हाना तो युमे' या मासिकात यायला लागली, ४९वा खंड २०१२ ला आला आणि तेव्हापासून आपण ताटकळत बसलोय. तरी मी दर वर्षा-दोन वर्षांनी पहिल्यापासून वाचायला घेतेच. तुमचं काय? (शेवट कसा होणार यावर भांडण इथे नको.)

माझं आधी सांगते. पुण्यात जपानी शिकत होते, क्लासातल्या मैत्रिणीने पहिला खंड दिला. निम्म्या कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) डोक्यावरून, पण बाजूला फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, असतात म्हणून निभावलं. योकोहामाच्या चायनाटाऊनमधली तेरा वर्षांची माया, आई हॉटेलात कामाला, आणि ही पोरगी नाटकाच्या एका तिकिटासाठी ३१ डिसेंबरला एकटीने १२० ऑर्डरी घरोघर पोचवते. ते तिकीट वाऱ्याने समुद्रात उडतं तर ही त्या थंडीत मागोमाग उडी मारते! झालं, रात्रीची झोप गेली.

एकांकिकावाला: मायाला बाहुलीचा रोल असतो तेव्हा हलता येऊ नये म्हणून तिच्या गुरू त्सुकिकागे बाई तिच्या अंगाला बांबू बांधायला लावतात, हे मी आमच्या दिग्दर्शकाला कौतुकाने सांगितलं आणि तिथेच चुकलो. मला झाडाचं काम होतं. दोन तास हलू दिलं नाही राव. प्रयोगात नाकावर डास बसला, झाड शिंकलं. पण खरं सांगू, भूमिका अशी घडताना दुसऱ्या कुठल्या कॉमिकमधे बघितली नाही, तालमी, पाठांतर, मार खाणं, सगळं पानंच्या पानं दाखवलंय.

विंगेतली: मला माया कधीच आवडली नाही, मी तिच्या प्रतिस्पर्धी आयुमीची. आई नटी, बाप सिनेमा दिग्दर्शक, दिसायला सुंदर, म्हणून लोक म्हणतात हिला काय सगळं आयतं मिळालं, पण ती मरमर मेहनत करते आणि समोरच्या पोरीकडे आपल्याकडे नसलेलं काहीतरी आहे हे तिला सगळ्यात आधी कळतं. दोघी हेलन केलर आलटून पालटून करतात तो भाग काढून बघा. मी तीन वर्षं प्रॉम्प्टिंगच केलं, त्यामुळे जरा जास्तच लागलं असेल.

डोंबिवली लोकल: लेकीमुळे वाचली. मला त्या त्सुकिकागे बाईच पटल्या, अर्धा चेहरा अपघातात गेलेला, 'कुरेनाई तेन्न्यो' या नाटकाचे हक्क छातीशी धरून बसलेल्या, कुणाला देईनात! धक्का बसला की सगळ्यांचे डोळे पांढरे होतात ते बघून आधी मी हसायचे, आता घरात दूध उतू गेलं तरी आम्ही दोघी तसे डोळे करतो. आणि हो, सुरुवातीला डायलचे फोन, शेवटी मोबाईल, पोरं मात्र तेवढी मोठी झालीच नाहीत.

काकू नका म्हणू: मायाला जांभळे गुलाब पाठवणाऱ्या मासुमीवर पंधराव्या वर्षी मी फिदा होते. आता वाटतं, अकरा वर्षांनी मोठा, नाव लपवतो, वर तिच्याच मंडळीच्या नाटकांत खोडा घालतो, हे काय? पण गुलाब आले की अजून पोटात गलबलतं, त्याला काय करू.

नवखा: १९८४ चं अ‍ॅनिमे (कार्टून मालिका) बघू की २००५ चं?

विंगेतली: मांगाच घे. पहिले दोन खंड एकदमच घे, नाहीतर रात्री शोधत बसशील.