नुसता मास्क पुरत नाही

एकांनी लिहिलंय की कापडाच्या रंगखात्यात मास्क लावला की रसायनांमुळे मूल न होण्याची काळजी नाही. हे पटत नाही. बरीच रसायनं कातडीतून आणि जेवणातून आत जातात. माझे मामा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या रंगाईवर होते. कोपरापर्यंत हात निळे, नखांच्या कडा तर रविवारीही निघायच्या नाहीत, आणि त्याच हातांनी डब्यातली कडक भाकरी मोडायची. हातमोजे होते, पण फाटके.

मामींना मूल होईना म्हणून सगळे उपास, सगळ्या तपासण्या त्यांच्याच. मामांची तपासणी सहा वर्षांनी झाली! मूल न होण्याचं कारण रसायनच होतं असं मी म्हणत नाही, पण कामाबद्दल कुणी विचारलंच नाही, याचा राग अजून आहे. कामाचा असा संबंध असू शकतो: १९७७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपला डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांनाच आपसांत बोलताना लक्षात आलं की आपल्यापैकी फारसं कुणाला मुलं होत नाहीत. तपासलं तर बऱ्याच जणांत शुक्राणू नाहीत किंवा फार कमी, आणि शुक्राणू बनवायला लावणारं एफएसएच हे संप्रेरक वाढलेलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मात्र बहुतेकांचं ठीक, त्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं.

कापड धुण्याच्या काही साबणांतलं नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट तुटून जे नॉनिलफिनॉल बनतं, ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. युरोपने २०२१ पासून आयात कापडात त्यावर मर्यादा घातली. टॉवेल वापरणाऱ्याची काळजी झाली, तो कारखान्यात धुणाऱ्याची कधी?

मूल होत नसेल तर डॉक्टरांकडे जाताना कामावरच्या रसायनाच्या ड्रमवरच्या लेबलचा फोटो न्या, आणि नवऱ्याची तपासणी आधी करा.