जोडी कोणती, ते आधी बघा

टेल्मिसार्टन आणि अमलोडिपिन या बीपीच्या दोन गोळ्या एकाच वेळी घेतल्यास बीपी एकदम पडेल का, ही शंका रास्त आहे, पण ही जोडी मुद्दामच दिली जाते. शिवाय अमलोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज टेल्मिसार्टनमुळे थोडी कमी होते. दोन्हींचा परिणाम साधारण २४ तास टिकतो. म्हणून सकाळी की रात्री यापेक्षा रोजची वेळ एकच असणं महत्त्वाचं. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

खरा घोळ नावांमुळे होतो. नवीन संयुक्त गोळी सुरू होते आणि जुनी सुटी गोळीही चालूच राहते, म्हणजे तेच औषध दोनदा पोटात! मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव काय लिहिलंय ते जुळवा.

टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसोबत रामिप्रिल, एनालाप्रिल ही बीपीचीच औषधं सहसा देत नाहीत; पोटॅशियम वाढतं, किडनीवर ताण येतो. अटेनोलोल, मेटोप्रोलोल या बीपीच्या गोळ्यांसोबत वेरापामिल हे बीपीचंच औषध असेल तर नाडी फार मंदावू शकते. अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना लगेच विचारा, मनाने बंद करू नका. अटेनोलोल अचानक सोडणं तर आणखी धोक्याचं.

टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारी गोळी असल्यास आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या टाळा. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर १-२ आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासतात. बीपी ५ मिनिटं बसून मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर कळवा.